काचेच्या पेटीतला धनेश : वाचकांचे प्रश्न

जुन्या निसर्गसंग्रहालयांतल्या पक्ष्यांवर आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा वाटलं होतं की पत्रं इतिहासाची येतील. आली ती बहुतेक बुरशीची, कसरीची आणि पांढऱ्या पुडीची. गोव्यातल्या पावसाळ्याचा हा गुण म्हणायचा. म्हणून आधी घरातल्या पेट्या, मग लिस्बन आणि ऑक्सफर्ड.

प्रश्न : आजोळच्या घरात काचेच्या पेटीत पेंढा भरलेला मोठा धनेश आहे. पणजोबांच्या वेळचा म्हणतात. चोचीच्या मुळाशी आणि पायांवर पांढरी पूड दिसते. ती कसर आहे का? ओल्या फडक्याने पुसला तर चालेल का? (एक वाचक, केपे)

पुसू नका. पेटी उघडूसुद्धा नका. आधी पूड कसली ते बघू.

पांढरं दिसण्याची तीन कारणं असतात. एक बुरशी : भिंगातून पाहिलं तर कापसासारखे तंतू दिसतात आणि डाग गोलसर पसरलेला असतो. दुसरं, कातडीत राहिलेली चरबी. ती खवट होऊन वर येते आणि मेणचट, पिवळट थर धरते. तिसरं कारण म्हणजे सोमल, आजच्या भाषेत आर्सेनिक. तो बारीक, कोरड्या, चकाकणाऱ्या कणांच्या रूपात दिसतो, आणि नेमका जिथे कातडी उघडी असते तिथे : डोळ्यांच्या कडेला, चोचीच्या मुळाशी, पायांवर, पोटावरच्या शिवणीत. तुम्ही लिहिलेल्या जागा या यादीत चपखल बसतात. तरी नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, म्हणून पूड सोमलाचीच आहे असं धरून वागायचं.

हा सोमल तिथे मुद्दाम घातलेला असतो. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या संग्रहालयांत पक्षी टिकतच नसत. कोणी भट्टीत वाळवी, कोणी दारूत बुडवून ठेवी, कोणी मसाले आणि तुरटी भरी, आणि दहा-वीस वर्षांत कीड सगळं खाऊन टाकी. फ्रान्सातल्या मेत्स शहरातला औषधविक्रेता झाँ-बाप्तिस्त बेकर याने सोमल, साबण, कापूर, चुना आणि पोटॅशचा क्षार एकत्र घोटून लेप केला. तो कातडीच्या आतल्या बाजूला चोपडला की अळी पहिल्या घासालाच मरे. बेकरने कृती जन्मभर गुप्त ठेवली. 1777 मध्ये तो गेल्यावर, शतक उलटताना ती छापली गेली आणि जगभरच्या संग्रहालयांनी उचलली. विसाव्या शतकातही ती बरीच वर्षं वापरात होती.

सोमल उडून जात नाही, कुजत नाही, जुना झाला म्हणून निवत नाही. कातडीत तो जितका घातला तितकाच आहे. दमट हवेत तो हळूहळू बाहेर सरकतो आणि पूड होऊन दिसतो. ओल्या फडक्याने पुसला तर विरघळून पिसांत पसरेल आणि फडक्याबरोबर तुमच्या स्वयंपाकघरात येईल. झटकला तर हवेत उडून नाकात जाईल.

आता करायचं काय. पेटी हलवायची वेळ आली तर दोघांनी तळाला धरून उचलावी, पक्ष्याला कधीच धरू नये. हातात नायट्राइलचे मोजे, तोंडावर एन-95 मास्क. साधा कापडी नाही. काच फक्त बाहेरून पुसा. पेटीच्या फटीतून खाली पडलेली धूळ ओल्या टिशूने टिपा, झाडू नका, आणि टिशू बंद पिशवीत टाका. मुलं आणि मांजरं लांब. खात्री करून घ्यायची असेल तर हातात धरायचं एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र नमुन्याला धक्का न लावता दोन मिनिटांत आर्सेनिक आणि पारा दाखवतं. मोठ्या संग्रहालयांच्या संवर्धन प्रयोगशाळांत आणि पदार्थविज्ञानाच्या संशोधन संस्थांत ते असतं. पाऱ्याचा उल्लेख केला, कारण काही जण सोमलाऐवजी पाऱ्याचा क्षार लावत. तो असेल तर जवळची कागदी चिठ्ठी काळवंडलेली दिसते.

पेटीची काच फुटली असेल तर पक्षी तसाच जाड पॉलिथिनच्या मोठ्या पिशवीत ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात ‘विषारी, उघडू नये’ असं लिहा. घरातल्या पुढच्या पिढीला हे तोंडी सांगून भागत नाही.

प्रश्न : त्याच धनेशाचा पिवळा रंग पार गेला आहे. ऑइल पेंटने भरून काढू का?

नको. मुळात तो रंग पिसांत नव्हताच. धनेशाच्या शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथी असते. पक्षी चोच तिथे घासतो आणि तेच पिवळं तेल मान, पंखांवरचा पांढरा पट्टा आणि शिरस्त्राणावर, म्हणजे चोचीवरच्या उंचवट्यावर, माखतो. पक्षी मेला की पुरवठा बंद. जे उरतं ते उजेडाने विटतं आणि स्पिरिटच्या एका बोळ्याने निघूनही जातं. तेव्हा तुमचा धनेश ‘खराब’ झालेला नाही, त्याचा शृंगार उतरला आहे.

रंगापेक्षा डोळे बघा. नराची बुबुळं लाल आणि शिरस्त्राणाच्या पुढच्या-मागच्या टोकाला काळं. मादीची बुबुळं पांढुरकी आणि ते काळं नसतं. काचेचे डोळे बसवणाऱ्याकडे हाताला येतील ते डोळे असत, त्यामुळे मादीच्या डोक्यात लाल डोळे सर्रास सापडतात. शिरस्त्राणावर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको. बाजारू दुरुस्तीत पहिला बळी चोचीचा जातो, कारण तिथे रंग लावणं सोपं असतं. एकदा रंग चढला की नर-मादी ओळखायची खूण गेली.

प्रश्न : असा पक्षी घरात ठेवणं गुन्हा आहे का? विकता येईल का? (मडगाव)

विकता येणार नाही. मोठा धनेश वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि पेंढा भरलेला पक्षी कायद्याच्या भाषेत ट्रॉफी ठरतो. जवळ ठेवायचा तर मालकीचं प्रमाणपत्र लागतं. वारसाने आला असेल तर वारसा मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावं लागतं. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे पण ठेवायची इच्छा नाही, त्यांना 2022 च्या दुरुस्तीने तो सरकारजमा करायची वाट मोकळी केली आहे. मोबदला मिळत नाही.

कागद एकही नसेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि मग पणजीला वन खात्याकडे स्वतः जा. पक्षी गुपचूप जाळणं किंवा नदीत सोडणं हा सर्वांत वाईट मार्ग. कायद्याचं राहू द्या, सोमलाचा धूर आणि पाणी कुठे जाणार?

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटभर जुने पक्षी आहेत : खंड्या, पोपट, घुबड. दर पावसाळ्यात बुरशी येते. आम्ही डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला घालतो, ऑक्टोबरात उन्हात ठेवतो. तरी पिसं गळतात. (एक शिक्षक, वाळपई)

मुलांना हे पक्षी हाताळायला देत असाल तर आजपासून थांबवा. जुन्या नमुन्यांत काय आहे ते पहिल्या उत्तरात आलंच आहे.

ऊन बुरशीला थोपवतं खरं, पण पिसांचा रंग खातं. त्यातही सगळे रंग सारखे जात नाहीत. काळे-तपकिरी मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतात, ते टिकाऊ. खंड्याचा निळा हा रंगद्रव्याचा नाहीच, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उजेड विखुरल्याने तो निळा दिसतो, त्यामुळे तोही बराच तग धरतो. पोपटाचं हिरवं म्हणजे असा निळा अधिक पिवळं द्रव्य. पिवळं विटलं की तुमचा पोपट निळसर दिसायला लागतो. तुमच्या कपाटातला पोपट निळसर झाला असेल, तर तो ऑक्टोबरातल्या उन्हाचा हिशेब आहे.

डांबराच्या गोळ्यांचं म्हणाल तर उघड-मीट होणाऱ्या कपाटात त्यांची वाफ कीड मरेल इतकी कधीच साठत नाही. माणसाला मात्र ती बाधते आणि थंड रात्री पिसांवर पुन्हा खडे धरून बसते. कडुलिंबाचा पाला ओला असतो, म्हणजे बुरशीला आयतं आमंत्रण. दोन्ही बाहेर काढा.

पिसं का गळतात हे आधी ओळखायला हवं. पक्ष्याखाली पांढरा कागद पसरून पंधरा दिवस ठेवा. वाळूसारखी बारीक विष्ठा आणि केसाळ, तपकिरी, पोकळ कात दिसली तर कार्पेट भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. पिसांचे तंतू कातरल्यासारखे आणि कातडीजवळ रेशमी नळ्या असतील तर कसरीचा पतंग. काहीच न पडता पिसं मुळासकट येत असतील तर कीड नाही. कातडी चरबीने खवट होऊन ठिसूळ झाली आहे, आणि त्यावर घरगुती इलाज नाही. पाय तडकले असतील तर आतली लोखंडी तार गंजून फुगली असणार. खाऱ्या हवेत हे हमखास होतं.

कीड असेल तर गोठवणं हा स्वच्छ उपाय. नमुना टिश्यू कागदात सैल गुंडाळून जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा. उणे 30 अंश असेल तर तीन दिवस पुरतात, घरगुती डीप फ्रीजरच्या उणे 18 ला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार पिसांवर दव धरतं आणि एका संकटातून सुटून दुसऱ्यात पडाल. फ्रीजर मात्र खाण्याच्या वस्तूंचा नको. शाळेच्या माध्यान्ह आहाराचा तर मुळीच नको. सोमल असलेल्या नमुन्याच्या पिशवीला चिठ्ठी लावा.

खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता 65 च्या वर गेली की बुरशी जोर धरायला लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती 85-90 असते. संपूर्ण खोली कोरडी ठेवणं शाळेला परवडायचं नाही. पेटी कोरडी ठेवणं परवडतं. घट्ट बसणाऱ्या काचेच्या पेटीत दर घनमीटरला 20 किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) असा संग्रहालयांचा जुना ठोकताळा आहे. खंड्याची पेटी 30 × 30 × 40 सेंटिमीटर असेल तर 0.036 घनमीटर, म्हणजे साधारण 700 ग्रॅम. केपेकरांच्या धनेशाची पेटी 120 × 50 × 60 धरली तर सात किलोच्या वर जाते, म्हणून खाली जाळीचा खोटा तळ करून जेल त्यात पसरतात.

इथे एक चूक सगळे करतात. भट्टीतून काढलेली कडकडीत कोरडी जेल थेट पेटीत घालतात. ती आर्द्रता 20 वर आणते, कातडी आकसते, शिवण उसवते, चोच आणि कातडीमध्ये भेग पडते. जेल 50 टक्क्यांवर आणून मग घालायची. ती ताटात उघडी पसरा, दर काही तासांनी वाटीभर काढून छोट्या हायग्रोमीटरसह बरणीत बंद करा, तासाभराने वाचा. 50 दिसलं की थांबा. केशरी जेल घ्या, कोबाल्टची निळी नको. केशरी जेल ओल धरून हिरवी झाली की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येते.

स्वस्त हायग्रोमीटर दहा-दहा अंकांनी चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजवा, पाणी वर तरंगू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत बंद करून आठ तास ठेवा. आत 75 दिसायला हवं. 68 दिसलं तर तुमचं यंत्र सात कमी सांगतं, तेवढे मनात मिळवा.

पेट्या मृग लागायच्या आधी, मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी बंद करा. पाऊस सुरू झाल्यावर बंद केलेली पेटी म्हणजे ओल आत कोंडणं.

प्रश्न : जुन्या संग्रहालयांना खरोखरच वाटत होतं का, की स्वर्गपक्ष्याला पाय नसतात? (फोंडा)

अनेकांना वाटत होतं, आणि त्यामागे वेडेपणापेक्षा वाळवण्याची पद्धत होती. न्यू गिनी आणि आरू बेटांवरचे लोक पक्षी मारून पाय आणि पंख छाटत, चोचीपर्यंत कातडी सोलून कवटी काढून टाकत. आत काठी आणि पाला घालून, माडाच्या पोयीसारख्या आवरणात गुंडाळून धुरावर वाळवत. पिसारा हाच माल, बाकीचं वजन कशाला वाहायचं? असे नमुने 1522 मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतल्या परतलेल्या जहाजाबरोबर युरोपात पोचले. गंमत म्हणजे त्या मोहिमेचा बखरकार पिगाफेट्टा याने पक्ष्याला पाय असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

यात गोव्याचाही वाटा आहे. 1583 ते 1588 या काळात गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस असलेल्या यान हायखेन व्हान लिन्सखोतेन या डच माणसाने लिहिलं, की हे पक्षी कायम सूर्याकडे तोंड करून हवेतच राहतात, मरेपर्यंत जमिनीवर उतरत नाहीत. पुरावा म्हणून तो भारतात येणाऱ्या, पाय-पंख नसलेल्या कातड्यांकडेच बोट दाखवतो. स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसने 1758 मध्ये मोठ्या स्वर्गपक्ष्याला ‘अपोडा’ म्हणजे ‘बिनपायांचा’ हेच नाव दिलं, आणि नामकरणाच्या नियमांमुळे ते आजही कायम आहे.

प्रश्न : डोडो गोव्यामार्गे भारतात आला, हे खरं का? आणि ऑक्सफर्डचा डोडो जाळला का? (म्हापसा)

डोडो मॉरिशसचा. सतराव्या शतकात सुरतेला दोन जिवंत डोडो इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने पाहिले, आणि जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याचं मानलं जाणारं डोडोचं चित्र आज सेंट पीटर्सबर्गला आहे. गोव्याहून नक्की गेली ती टर्की : 1612 मध्ये जहांगीरचा सरदार मुकर्रब खान याने गोव्यातून बादशहासाठी ज्या अजब गोष्टी नेल्या, त्यांत ती होती, आणि मन्सूरने तिचंही चित्र काढलं.

ऑक्सफर्डचा डोडो आधी लंडनच्या ट्रेडस्कंट बापलेकांच्या संग्रहात होता. 1656 च्या यादीत त्याची नोंद आहे. 1755 मध्ये किडीने खाल्लेला पक्षी टाकायचा ठरला, डोकं आणि एक पाय तेवढे राहिले. आगीतून डोकं ओढून काढल्याची गोष्ट रंगतदार आहे, पण तिला आधार नाही. बेकरचा सोमलाचा लेप तेव्हा नुकताच निघत होता आणि तोही गुपित. 2018 मध्ये त्या डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये शिशाचे छर्रे दिसले. म्हणजे या पक्ष्याला कोणीतरी गोळी घातली होती.

जुन्या काळातलं काय टिकतं याचं उलट उदाहरण लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे. रिचमंडच्या डचेसचा आफ्रिकन राखी पोपट 1702 मध्ये, बाईंच्या मागोमाग मेला. एक्स-रेत दिसलं की आत सांगाडा कवटीसकट जसाच्या तसा आहे. हे टिकण्यात कारागिरीइतकंच नशीबही धरायला हवं.

प्रश्न : गोव्यातले पक्षी पोर्तुगालच्या संग्रहालयात आहेत का? (वास्को)

कोइंब्राला शिकलेला निसर्गतज्ज्ञ मानुएल गाल्व्हांव द सिल्व्हा मोझांबिकला जाताना गोव्यात थांबला होता. 1784 ची त्याची गोव्याच्या निसर्गेतिहासावरची टिपणं पुढे 1862 मध्ये इथेच, नव्या गोव्यात म्हणजे आजच्या पणजीत छापली गेली. असे संग्राहक लिस्बनच्या आजुदा राजसंग्रहालयासाठी काम करत. तिथले बरेच नमुने 1808 मध्ये फ्रेंचांनी पॅरिसला नेले. लिस्बनला राहिलेला प्राणिसंग्रह पुढे बोकाज संग्रहालयात गेला, आणि ते 1978 च्या आगीत बेचिराख झालं. गोव्याचा जुना पक्षी शोधायचा असेल तर लिस्बनइतकंच पॅरिसला लिहा.

प्रश्न : खिडकीच्या काचेवर आपटून मेलेला खंड्या शाळेसाठी पेंढा भरून ठेवता येईल का? (पेडणे)

परवानगीशिवाय नाही. टॅक्सिडर्मीच्या, म्हणजे पक्षी पेंढा भरून ठेवण्याच्या, कामालाही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवाना लागतो. हात न लावता फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, वन खात्याला कळवा. दोन-चार पक्षी एकाच जागी मेलेले दिसले तर पशुसंवर्धन खात्यालाही, कारण बर्ड फ्लूचा संशय आधी तिथे धरतात. आणि खिडकीला आतून पडदा लावा, म्हणजे पुढचा खंड्या वाचेल.

प्रश्न : नमुन्याच्या पायाला पोर्तुगीज अक्षरांची जीर्ण चिठ्ठी आहे. काढून फ्रेम करावी का? (पणजी)

काढली की नमुना मुका झाला. संशोधकाला पक्ष्याइतकीच चिठ्ठी हवी असते : कुठे, कधी, कोणी. आज तळव्याच्या कातडीच्या तांदळाएवढ्या तुकड्यातून डीएनए मिळतो, पण जागा आणि तारीख नसेल तर त्या डीएनएचं करायचं काय? मोजे घालून, पेटी न उघडता जमेल तर काचेतूनच, दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात घ्या. शाई फिकट असेल तर काळ्या-पांढऱ्यात करून बघा. दोरा तुटला असेल तर नवीन पांढरा सुती दोरा, रबर बँड कधीच नाही. तो वर्षभरात वितळून पायाला चिकटतो. लॅमिनेशनही नको.

प्रश्न : पेटीत एलईडी पट्टी लावू का? (म्हापसा)

पेटीच्या बाहेर लावा, आत नको. ट्रान्सफॉर्मरची ऊब आर्द्रता वर-खाली करते. पिसांवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नसावा, आणि पाहुणे गेले की दिवा बंद. उजेडाचं नुकसान साठत जातं : 50 लक्सचे आठ तास आणि 500 लक्सची अठ्ठेचाळीस मिनिटं पिसांना सारखीच.